मेलबॉक्स फुल्ल आणि आउटलुक गरगर: ऑनलाइन आर्काइव्हचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच सुटता येईल. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस मेलमधलं ऑनलाइन आर्काइव्ह, पाचपैकी साडेचार. डेस्कटॉपवरचं जुनं म्हणजे क्लासिक आउटलुक, पाचपैकी तीन, तेही त्याची सेटिंग कुणीतरी हातात घेतली तर, आहे तसं सोडलं तर दोन. आणि पीएसटी फाइल, म्हणजे जुने मेल आपल्याच डिस्कवर साठवायची आउटलुकची फाइल, नावाचा जो प्रकार आहे त्याला शून्य, उणे मार्क द्यायची सोय असती तर तेही दिले असते.

आता हे कुठून बोलतोय ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीनशॉप आहे, मी प्लॅनिंगला आहे, आयटीचा माणूस नाही, पण छोट्या कंपनीत ज्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढता येतो तो आपोआप आयटी डिपार्टमेंट होतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आमच्याकडे मेल म्हणजे नुसता मेल नसतो हो. कस्टमरचं ड्रॉइंग, त्याचं थ्रीडी मॉडेल, त्याची रिव्हिजन, रिव्हिजनची रिव्हिजन, पॅटर्नचे फोटो, रिजेक्शनच्या कास्टिंगचे फोटो (हे तर मोबाइलवरून काढून न कापता न बारीक करता तसेच फुल साइझमध्ये), टेस्ट सर्टिफिकेट, ई-वे बिल, एलआरची (ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीची) स्कॅन कॉपी, आणि या सगळ्यावर रिप्लाय ऑल. वर दसरा-दिवाळीला प्रत्येक सप्लायरचं शुभेच्छापत्र, पाच एमबीचा जेपीजी, पणती आणि मालकांचा फोटो. त्यात कुणालातरी वाटतं की सहीखाली कंपनीचा लोगो आणि आयएसओ सर्टिफिकेटचं चित्र पाहिजेच, म्हणजे "ओके सर" या दोन शब्दांच्या मेलचंही वजन वाढतं.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, अटॅचमेंट मेलमधून जाताना टेक्स्टमध्ये बदलून जाते आणि तिथे ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १५ एमबीची फाइल वाटेत २० एमबीची होते. आणि सीसीमध्ये आपल्याच कंपनीतली सहा माणसं असतील तर सहाही मेलबॉक्समध्ये ती वेगवेगळी जाऊन बसते. पूर्वी एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, एका डेटाबेसमध्ये अशी अटॅचमेंट एकदाच साठवायचा, २०१० च्या आवृत्तीपासून ती पद्धतच काढून टाकली. त्यामुळे "एकच तर फाइल पाठवली" याला काही अर्थ नाही.

तर मुद्दा. ऑफिसात दोन तक्रारी येतात आणि लोक त्या एकच समजतात. एक, मेलबॉक्स भरला. दोन, आउटलुक अडकतंय, मेल उशिरा दिसतोय, फोनवर आलाय पण कॉम्प्युटरवर नाही. पहिली तक्रार सर्व्हरवरच्या जागेची आहे आणि दुसरी तुमच्या लॅपटॉपवरच्या एका फाइलची. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर दुसरं बिघडतं. आमच्याकडे नेमकं तेच झालेलं.

आमच्या मूळ प्लॅनमध्ये माणशी ५० जीबीचा मेलबॉक्स आहे. ४९ ला इशारा येतो, साडेएकोणपन्नासला पाठवणं बंद होतं, ५० ला येणंही बंद, आणि मग समोरच्याला मेल परत जातो. मार्चअखेरीला कस्टमरचा मेल परत जाणं म्हणजे काय हे अकाउंट्सवाल्यांना विचारा. तर त्या वेळचा जो व्हेंडर होता त्याने सरळ सांगितलं, मोठा प्लॅन घ्या, शंभर जीबी मिळतात, विषय संपला. मालकांनी चार-पाच महत्त्वाच्या लोकांना तो घेऊन दिला. जागा झाली हे खरं. पण विषय संपला नाही, तिथून सुरू झाला.

कारण क्लासिक आउटलुक सर्व्हरवरच्या मेलची एक कॉपी लॅपटॉपवर ठेवतं, तिला ओएसटी फाइल म्हणतात. कॅश्ड मोड म्हणतात ते हेच, २००३ च्या आउटलुकपासून आहे, आणि कल्पना चांगलीच आहे, लाइट गेली नेट गेलं तरी जुने मेल वाचता येतात, आणि शिरोलीत दोन्ही जातं. पण या ओएसटीला स्वतःची मर्यादा आहे, ५० जीबी. सर्व्हरवर शंभर घेतले तरी इथे पन्नासच. आणि त्यातही साडेसत्तेचाळीसच्या आसपास पोचली की आउटलुक हात आखडता घेतं. म्हणजे मोठा प्लॅन घेऊन आपण काय केलं, तर टाकी मोठी बसवली आणि नळाला हात लावला नाही.

अकाउंट्सच्या काकांचा किस्सा सांगतो, कारण सिंकची, म्हणजे सर्व्हर आणि लॅपटॉपचा मेळ न बसण्याची, तक्रार कशी ओळखायची ते त्यात बरोबर दिसतं. काका म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने, प्रत्येक मेल जपून ठेवणारे, डिलीट हे बटण त्यांच्या लेखी नाहीच. फोन हातात धरून आले.

"अरे हे बघ, बँकेचा मेल हितं आलाय सकाळी. कॉम्प्युटरवर कालपास्नं एक मेल नाही. नेट तर चालू आहे की."

"काका, ब्राउझर उघडून वेबमेल बघितला का?"

"तिथं आहे. तिथं सगळं आहे. मग हितंच काय झालंय?"

इथेच अर्धं निदान झालं. वेबमेलला आहे आणि आउटलुकला नाही म्हणजे सर्व्हर ठणठणीत, भानगड लॅपटॉपवरच्या कॉपीत आहे. हे एवढं जरी सगळ्यांनी करून बघितलं ना तरी निम्मे फोन वाचतील, उगाच मेल कंपनीला शिव्या घालायच्या नाहीत आणि पासवर्ड तर अजिबात बदलत सुटायचं नाही.

मग त्यांच्या मशीनवर बसलो. खाली पट्टीवर "अपडेटिंग धिस फोल्डर" येऊन थांबलेलं, पुढे सरकत नाही मागे जात नाही. डाव्या बाजूला त्यांच्या मेलबॉक्सच्या नावावर राइट क्लिक, डेटा फाइल प्रॉपर्टीज, त्यात फोल्डर साइझ नावाचं बटण असतं. ते दाबलं की एक छोटी खिडकी उघडते आणि तिला दोन टॅब असतात, लोकल डेटा आणि सर्व्हर डेटा. आउटलुकमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही, आणि कुणाला माहीतही नसते. आकडे केबीमध्ये येतात त्यामुळे आधी डोळे फिरतात, पण दोन्ही टॅब आलटून पालटून बघितले की लगेच कळतं. काकांचं सर्व्हरवर साठच्या पुढे, लोकलला पन्नासच्या अलीकडे येऊन अडकलेलं. फाइलच भरली होती, नवीन मेल उतरायला जागा नव्हती. शंभर जीबीचा प्लॅन घेतल्यावर काका निर्धास्त झाले होते आणि त्यांनी मेल ठेवण्याची सेटिंग "ऑल" केलेली, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं सगळं लॅपटॉपवर.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन ही पन्नासची मर्यादा वाढवता येते, नेटवर तसे उपाय भरपूर सापडतील. माझं मत विचाराल तर करू नका. मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे की फाइल ५ जीबीपर्यंत असेल तर बहुतेक मशीनवर नीट चालते, ५ ते १० ला हार्डडिस्कवर अवलंबून, १० च्या पुढे थांबून थांबून चालायला लागते आणि २५ च्या पुढे तर ते थांबणं आणखी वाढतं. आणि एका फोल्डरमध्ये लाखाच्या वर आयटम झाले तर साइझ कमी असूनही रखडतं, हेही त्यांनीच सांगितलंय. काकांचा इनबॉक्स म्हणजे तोच प्रकार, फोल्डर करायचेच नाहीत, सगळं एका पोत्यात.

इलाज एकदम साधा निघाला. फाइल मेनू, अकाउंट सेटिंग्ज, चेंज, आणि तिथे एक सरकपट्टी असते, किती मागचे मेल लॅपटॉपवर ठेवायचे ती. २०१३ च्या आउटलुकपासून आहे. मोठ्या डिस्कवर मुळात ती एक वर्षावर असते, छोट्या डिस्कला आणखी कमी, पण कुणीतरी "जुने मेल दिसत नाहीत" म्हणून ऑलवर ओढतं आणि विसरून जातं. आम्ही ती एक वर्षावर आणली. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टला ती लागू नसते, ते पूर्णच राहतात. जुने मेल जात नाहीत, सर्व्हरवरच असतात, यादीच्या तळाशी गेलं की "एक्सचेंजवर आणखी बघा" अशी ओळ येते, तिच्यावर टिचकी मारायची, नेट असलं की येतात. काकांना हे पटवायला सरकपट्टी ओढण्यापेक्षा जास्त वेळ गेला. "म्हणजे गेले नाहीत ना? नक्की?" असं किती वेळा.

आता इथे आउटलुकचा एक मार्क कापतो. पट्टी कमी केली तरी फाइल लगेच बारीक होत नाही. आतले मेल निघून जातात, फाइल तेवढीच जाडजूड, आत पोकळ. कॉम्पॅक्ट नाऊ नावाचं बटण आहे पण मोठ्या फाइलवर ते दाबून बसणं म्हणजे संयमाची परीक्षा. त्यापेक्षा आउटलुक बंद करून ओएसटीचं नाव बदलायचं आणि परत उघडायचं, आउटलुक सर्व्हरवरून नवीन फाइल बांधून घेतं. काम संध्याकाळी लावून घरी जायचं. पण नाव बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, आउटबॉक्समध्ये काही अडकलेलं नाही ना. दोन, सिंक इश्यूज नावाचा फोल्डर.

हा फोल्डर नेहमीच्या दृश्यात दिसतच नाही, कंट्रोल आणि ६ दाबलं की सगळ्या फोल्डरांची यादी उघडते, तिथे तळाला असतो. त्यात आणखी तीन, कॉन्फ्लिक्ट्स, लोकल फेल्युअर्स आणि सर्व्हर फेल्युअर्स. एकच आयटम फोनवर बदलला, लॅपटॉपवरही बदलला आणि दोघांचं जमेना, तर एक कॉपी कॉन्फ्लिक्ट्समध्ये जाते. लोकल फेल्युअर्समध्ये जे आहे ते तुमच्या मशीनवरून सर्व्हरला पोचलेलंच नाही, म्हणजे ओएसटी उडवली तर ते गेलंच. परचेसच्या मॅडमकडे यात एक रेट कंपॅरिझनचा ड्राफ्ट निघाला, त्या तो सगळीकडे शोधत होत्या आणि आपणच पाठवला की काय असं समजून गप्प बसल्या होत्या. इतकी महत्त्वाची जागा मायक्रोसॉफ्टने लपवून का ठेवलीय ते त्यांनाच माहीत.

शेअर्ड मेलबॉक्सची एक वेगळीच मजा आहे. डिस्पॅच आणि क्वालिटीचे आमचे कॉमन मेलबॉक्स आहेत. तुम्हाला त्यावर पूर्ण हक्क दिला की तो आउटलुकमध्ये आपोआप येऊन बसतो, छान वाटतं, पण त्याचे मेलही तुमच्याच ओएसटीत उतरायला लागतात. म्हणजे स्वतःचा मेलबॉक्स आठ जीबीचा असलेल्या पोराची फाइल तीसवर गेलेली आणि तो बिचारा स्वतःचे फोटो डिलीट करत बसलाय. अकाउंट सेटिंगच्या मोअर सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्ड टॅबला, "डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स" अशी टिक असते, ती काढा. मग शेअर्ड मेलबॉक्स थेट सर्व्हरवरून दिसतो, उघडायला किंचित वेळ लागतो, सर्चही जरा वेगळा वागतो, पण फाइल मोकळी होते.

हे झालं लॅपटॉपचं. आता सर्व्हरवरची जागा, म्हणजे ज्याचा खरं तर रिव्ह्यू लिहायला बसलोय ते ऑनलाइन आर्काइव्ह.

सोप्या भाषेत, तुमच्या मेलबॉक्सला जोडून सर्व्हरवरच दुसरा मेलबॉक्स मिळतो. डावीकडे तुमच्या फोल्डरांच्या खाली "ऑनलाइन आर्काइव्ह" आणि पुढे तुमचा पत्ता असं दिसायला लागतं. ठरावीक वयाचे मेल सर्व्हर स्वतःच तिकडे हलवतो, फोल्डरची रचना तशीच ठेवून. म्हणजे मूळ मेलबॉक्समध्ये कस्टमरच्या नावाचा फोल्डर असेल तर आर्काइव्हमध्येही त्याच नावाचा फोल्डर तयार होऊन जुने मेल त्यात. माणसाला काही करावं लागत नाही, हा याचा सगळ्यात मोठा गुण, कारण "दर महिन्याला जुने मेल साफ करा" असं सर्क्युलर काढून आजवर कुठल्याही कंपनीत कुणीही साफ केलेले नाहीत.

आणि गंमत म्हणजे यासाठी शंभर जीबीचा प्लॅन लागतच नव्हता. आमच्या साध्या प्लॅनमध्येच ५० जीबीचं आर्काइव्ह समाविष्ट होतं, फक्त ॲडमिनच्या पानावर जाऊन कुणी चालू केलेलं नव्हतं. व्हेंडरने ते सांगितलं नाही, का सांगितलं नाही याचा अंदाज तुम्ही लावा. वरच्या प्लॅनमध्ये किंवा वेगळं ॲड-ऑन घेतलं तर आर्काइव्ह भरत जाईल तसं वाढत जाण्याची सोय आहे, कमाल दीड टीबीपर्यंत, पण ते वाढणं एकदा चालू केलं की बंद करता येत नाही आणि जागा वाढायलाही काही दिवस जाऊ शकतात, आज भरलं आणि उद्या वाढलं असं नाही. रोज एक जीबीपेक्षा जास्त ओतू नका अशीही अट आहे. आम्हाला त्याची गरज नव्हती. तुमचं ऑफिस आर्किटेक्टचं किंवा छपाईचं असेल तर कदाचित लागेल.

चालू केल्यावर काय होतं ते नीट सांगतो, कारण इथे लोक घाबरतात. मुळात जी पॉलिसी येते तिच्यात दोन वर्षं जुना मेल आर्काइव्हला हलवायचा असा नियम असतो. मेल कधी आला त्यावर वय मोजतात, तुम्ही तो शेवटचा कधी उघडला त्यावर नाही. हलवणारा जो नोकर आहे, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, तो साधारण आठवड्यातून एकदा तुमच्या मेलबॉक्सवर फेरी मारतो. त्यामुळे आज टिक केली आणि संध्याकाळी बघितलं तर काहीच झालेलं नसतं, मग माणूस ती टिक काढतो, परत लावतो, असले उद्योग करू नका. आठवडा जाऊ द्या. पन्नास जीबीला टेकलेल्या आणि मेल परत जायला लागलेल्या माणसाला मात्र आठवडा थांबता येत नाही, त्याच्यासाठी ॲडमिन एका कमांडने तो प्रोग्रॅम हाताने पळवू शकतो, तेवढं आपल्या सपोर्टवाल्याला सांगा, त्याला माहीत असलं पाहिजे. नसेल तर सपोर्टवाला बदला.

थांबेपर्यंत हाताने जागा करायची असेल तर इनबॉक्स तारखेऐवजी साइझप्रमाणे लावा. आउटलुक स्वतःच गट पाडतं, आणि पाच एमबीच्या वरच्या गटाचं नाव एनॉर्मस. तिथे बघितलं की रिजेक्शनचे फोटो आणि दिवाळीच्या पणत्या शिस्तीत उभ्या असतात. सेंट आयटम्स विसरू नका, अर्धा माल तिथेच असतो कारण आपण पाठवलेली प्रत्येक अटॅचमेंट तिथे परत जमा होते. आणि डिलीट केलेलं डिलीटेड आयटम्समध्ये पडून असतं तोवर कोट्यात धरतात, तोही रिकामा करा.

आता "जुनं उडवूनच टाका ना, कशाला आर्काइव्ह" म्हणणाऱ्यांसाठी. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायचे आहेत. कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं. ऑटोचं म्हणजे गाड्यांच्या पार्टचं काम करत असाल तर आयएटीएफ या क्वालिटी स्टँडर्डमध्ये पार्ट अप्रूव्हलचे रेकॉर्ड पार्ट चालू असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष. आमच्याकडे काही कास्टिंग वर्षानुवर्षं चालू आहेत, तेव्हा त्यांची मंजुरी ज्या मेलवर आली तो उडवायचा कसा? ऑडिटर समोर बसला की "मेलवर अप्रूव्हल होतं साहेब" हे वाक्य चालत नाही, मेल दाखवावा लागतो. मेल हे काही रेकॉर्ड ठेवायचं आदर्श ठिकाण नव्हे, सर्टिफिकेटं आणि ड्रॉइंग सर्व्हरच्या फोल्डरला लावूनच ठेवायला हवीत, पण प्रत्यक्षात सगळ्यांचं कपाट म्हणजे इनबॉक्सच आहे, तर निदान ते कपाट तरी धड असावं.

अर्धा मार्क कुठे कापला ते सांगतो. आर्काइव्ह लॅपटॉपवर उतरत नाही, म्हणजे नेट नाही तर जुने मेल नाहीत. मालक परदेशी प्रदर्शनाला जातात तेव्हा विमानात बसून दोन वर्षांपूर्वीचं कोटेशन बघायचं म्हटलं तर जमणार नाही. फोनच्या साध्या मेल ॲपमध्ये आर्काइव्ह दिसतच नाही. शोधतानाही लोक इनबॉक्सवर उभे राहून शोधतात आणि "सापडत नाही" म्हणून बोंब मारतात, डावीकडे आर्काइव्हवर क्लिक करून मग शोधलं की सापडतं. ही सवय लागायला आमच्याकडे काही लोकांना वेळ लागला आणि काहींना अजून लागलेली नाही. आणि हे बॅकअप नव्हे, हे ठळकपणे सांगतो. आर्काइव्हमधला मेल कुणी डिलीट केला तर तो गेला, परत आणायची मुदत मुळात १४ दिवस असते, ॲडमिनने वाढवली तर ३०. बॅकअपसाठी वेगळी सोय करावी लागते, त्याचा रिव्ह्यू हा नव्हे.

पीएसटीला शून्य का दिलं हे सांगायचं राहिलं. आर्काइव्हच्या आधी पिढ्यान्पिढ्या एकच उपाय होता, वर्ष संपलं की मेल पीएसटी फाइलमध्ये ओढायचे आणि ती फाइल डी ड्राइव्हला ठेवायची. २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्ये ही फाइल दोन जीबीच्या वर गेली की मेलीच, २००३ ला नवा फॉरमॅट आला आणि २० जीबी झाली, २०१० पासून ५०. आकडे वाढले, स्वभाव तोच. त्या एका हार्डडिस्कवर तुमची सगळी वर्षं. त्यात आमच्याकडे पूर्वी हुशारी अशी की पीएसटी सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरला ठेवायची म्हणजे सगळ्यांना बघता येईल. ती एका वेळी एकालाच उघडते, आणि नेटवर्कवरून पीएसटी चालवणं मायक्रोसॉफ्ट सपोर्टच करत नाही, मध्येच स्विच बंद पडला की फाइल फाटते. वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीच्या, फोल्डरात ठेवणारे वेगळे, आउटलुक चालू असेपर्यंत ती फाइल उघडी असते आणि जरा काही बदललं की वनड्राइव्ह परत तिच्या मागे लागतं, दिवसभर दोघांची झटापट. आणि आउटलुकची ही फाइल डॉक्युमेंट्समध्येच तयार होते, जो हल्ली बऱ्याच मशीनवर वनड्राइव्हला जोडलेला असतो, म्हणजे कुणी मुद्दाम नाही ठेवली तरी तिथेच सापडते.

नवीन आउटलुकबद्दल विचारणारे असतीलच. तेच जे उजव्या कोपऱ्यात "ट्राय द न्यू आउटलुक" म्हणून सारखं डोळा मारतं. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांसाठी अधिकृतपणे आलं, आतून ते बरंचसं वेबमेलच आहे, त्यामुळे पन्नास जीबीच्या ओएसटीची रडारड त्यात तशी नाही. ज्यांचं काम नुसतं मेल वाचा, उत्तर द्या, कॅलेंडर बघा एवढंच आहे त्यांना मी खुशाल जा म्हणेन, आमच्या रिसेप्शनला आणि एचआरला तेच लावलंय. पण जुन्या पद्धतीचे ॲड-इन, म्हणजे आउटलुकला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, त्यात चालत नाहीत आणि पीएसटी सुरुवातीला उघडतच नव्हती, २०२५ मध्ये वाचण्यापुरती सोय आली. अकाउंट्सला आणि मार्केटिंगला म्हणून अजून क्लासिकच.

जुन्या पीएसटी आर्काइव्हमध्ये चढवायच्या असतील तर आउटलुकमध्ये दोन्ही उघडून फोल्डर ओढून टाकता येतात, पण आख्खा फोल्डर एकदम ओढू नका, वर्ष किंवा सहा-सहा महिने असे तुकडे करा, नाहीतर मध्येच तुटलं की कुठपर्यंत गेलं हे कळत नाही आणि दुसऱ्यांदा ओढलं की सगळं डबल. एक तुकडा गेला की दोन्हीकडचे आयटम मोजून बघा आणि मगच पुढचा. हे काम ऑफिस सुटल्यावर लावा, दिवसा लावलं तर सगळ्यांचं नेट ढिम्म होतं आणि डिस्पॅचचं ई-वे बिल निघत नाही, मग शिव्या तुम्हाला. फाटलेल्या पीएसटीसाठी ऑफिसच्याच इन्स्टॉल फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्रॅम असतो, फुकट, हजारो रुपये मागणारे नेटवरचे रिकव्हरी टूल घेण्याआधी तो चालवा, आणि चालवण्याआधी फाइलची कॉपी काढा. काकांची सगळ्यात जुनी फाइल तशीच फाटलेली होती, स्कॅनपीएसटी दोन-तीनदा फिरवल्यावर बहुतेक मेल आपापल्या फोल्डरात परत आले आणि ज्यांचा पत्ता लागला नाही ते सगळे "लॉस्ट अँड फाउंड" नावाच्या एका फोल्डरात, विषय आहे पण अटॅचमेंट उघडेलच असं नाही अशा अवस्थेत. तो फोल्डर काका सध्या जेवणाच्या सुट्टीत एकेक मेल उघडून लावतायत, आणि चांगले निघतील ते आर्काइव्हला चढवायचं काम माझ्या गळ्यात आहे.